डब्यातला चावा

— नाही, डबा आहे ते दिसतंय मला, डोळे शाबूत आहेत माझे. डब्यात काय आहे ते विचारतोय. क्ले? म्हणजे खेळायची माती? मुलं हत्ती-घोडे करतात ती? आणि त्यात तुमच्या मुलीनं चावा घेतलाय. वा! घरच्या घरी माप घेतलंत. वा, वा. सत्तावीस वर्षं ह्या टेबलाशी बसतोय मी, दातांच्या प्लेटा बनवतोय, अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेमधनं मापं येतात, पातळ झालेली येतात, बुडबुडे धरलेली येतात, एकदा एका डॉक्टरानं वरच्या जबड्याऐवजी दोनदा खालचाच पाठवला — पण मूठभर हिरवी माती, आणि तीसुद्धा शाळेच्या डब्यात? हे आज पहिल्यांदाच पाहिलं. आणि हा वर केस कसला? मांजर आहे का घरी? वाटलंच.

बसा आता. त्या स्टुलावर नको, मेण सांडलंय, विजारीला चिकटेल. हां, तिथे. आणि टेबलाला हात लावू नका, ती प्लास्टरची बत्तीशी ओली आहे अजून. हे बघा साहेब, एक गोष्ट आधीच सांगतो, हा दवाखाना नाही. ही लॅब आहे. इथे पेशंट येत नाहीत, पेशंटचे बाप तर मुळीच येत नाहीत. डॉक्टरांकडनं माप येतं, सोबत चिठ्ठी येते, चिठ्ठीप्रमाणे मी तार वाकवतो, प्लेट बनवतो, पाठवून देतो. तोंडं मी बघत नाही, आणि बघायची हौसही नाही. तुम्हाला आत घेतलं ते केवळ माझ्या मुलीच्या ऑफिसातले म्हणालात म्हणून, नाही तर जिन्यावरूनच परत पाठवलं असतं. काय म्हणाली ती? "डॉक्टरकडे कशाला जाता, शेवटी बनवतात तर आमचे बाबाच"? अगदी असंच म्हणाली? बरं. हसून म्हणाली का? नाही, काही नाही. सहज विचारलं.

आणि हा कागद कसला? प्रश्न लिहून आणलेत! अक्षर बायकोचं दिसतंय — तुमच्यासारख्या माणसाचं इतकं सरळ अक्षर नसतं. द्या इकडे. चष्मा कुठे ठेवला मी... हां. एक : कितव्या वर्षी दाखवावं? सातव्या. पुढे? का म्हणजे? सातव्या वर्षी समोरचे पक्के दात यायला लागलेले असतात, मागे पहिली पक्की दाढ आलेली असते, जबडा कुठे चाललाय ते ज्याला कळतं त्याला कळतं. दाखवलं म्हणजे लगेच तारा लावतात असं नाही हो! दहातल्या बऱ्याच जणांना नुसतं "वर्षानं या" सांगतात. पण आईबापांना ते चालत नाही. काही केलं नाही म्हणजे डॉक्टर बिनकामाचा. लावलं म्हणजे डॉक्टर लुटारू. तुमची मुलगी किती, नऊ? आणि अजून एकदाही दाखवलं नाही. छान. गाडीचं सर्व्हिसिंग मात्र वेळेवर होत असेल.

दोन : दुखतं का? दुखतं. खोटं कशाला सांगू? तार आवळली की दोन-चार दिवस ठणकतं, मऊ खायचं, रडायचं, मग विसरायचं. पोरं विसरतात, आया विसरत नाहीत. तीन : किती दिवस लागतात? हा लाडका प्रश्न सगळ्यांचा. दीड वर्ष, दोन वर्षं, कधी अडीच — आणि त्यातले सहा महिने तुमच्या पोरीनं रबर न लावल्यामुळे वाढतात, बर्फ कडकडा चावल्यामुळे वाढतात, कणीस दातानं ओरबाडल्यामुळे वाढतात. मग बाप तावातावानं विचारतो, का हो डॉक्टर, दोन वर्षं म्हणाला होतात. अरे बाबा, दोन वर्षं लावली तर दोन वर्षं! खिशात ठेवलेलं रबर दात कसा ओढणार? चार : दात काढावे लागतात का? कधी लागतात. खुर्च्या बारा आणि माणसं चौदा, तर दोघांनी उठायचं की एकमेकांच्या मांडीवर बसायचं? पण ते कोणी ठरवायचं — तुम्ही नाही, तुमची बायको नाही, आणि मीही नाही.

पाच... हे वाचलंच पाहिजे. "तारा काढल्यावर रिटेनर किती दिवस वापरायचा?" तुम्हाला सांगतो साहेब, ह्या एका प्रश्नावर माझं घर चालतं. रिटेनर म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारी प्लेट. तो वापरायचा, वापरायचा, आणि मग रात्रीचा तरी वापरत राहायचं, वर्षानुवर्षं. दाताला त्याची जुनी जागा आठवते. आणि लोक काय करतात? जेवायच्या वेळी काढतात, कागदी रुमालात गुंडाळतात, ताटाशेजारी ठेवतात, आणि उठताना कचरा समजून टाकून देतात. कागदी रुमालात! डबी दिलेली असते, निळी, झाकणाची, वर नाव घालून — पण ती घरी शोकेसमध्ये. एक बाई आहे, मोठ्या हुद्द्यावरची, तिच्या एकटीच्या मी सहा बनवल्यात. सहावी तिच्या कुत्र्यानं खाल्ली. तिला काही लाज? "लवकर मिळेल ना?" म्हणून डॉक्टरांकरवी विचारते. लोकांच्या तोंडात दात सरळ करता येतात, वर डोक्यात काही करता येत नाही.

आणि हा सहावा... हे अक्षर वेगळं. पेन्सिलीनं, कोपऱ्यात, बायकोला दिसू नये असं. "चव्वेचाळिसाव्या वर्षी होतं का?" अहो! आ करा बघू. नाही, करा, आता लाजता कसले, मुलीचे दात डब्यात घालून आणलेत ते लाजला नाहीत. हं. खालचे चार एकमेकांच्या अंगावर चढलेत. होतं साहेब, होतं, चव्वेचाळीस काय न् साठ काय, हिरडी आणि हाड धड असलं म्हणजे दात सरकतो. जरा सावकाश सरकतो. पारदर्शक साच्यांनीही होतं काहींचं, लांबून कोणाला दिसत नाही, ते घालून मिटिंगा करा खुशाल. पण विचारायला पेन्सिल कशाला लागते? ह्याच वयातली मंडळी येतात ना डॉक्टरांकडे, ती सगळी पोरांचं निमित्त काढून येतात — मुलीला दाखवायला आलो, आता आलोच आहे तर... लहानपणापासून आरशात तोंड मिटून भांग पाडलाय, आणि आता पोरगी मध्ये घालून विचारायचं. हसू नका. हसलात तर मला पुन्हा ते चार दिसतात.

असो. आता मुद्द्याचं. तुमचं म्हणणं, मी ह्या मातीवरून प्लेट बनवून द्यावी. डॉक्टर नको, एक्स-रे नको, तीन-तीन तास रांगेत बसणं नको. "शेवटी बनवता तर तुम्हीच." बरोबर ना? हे वाक्य — काय सांगू तुम्हाला, हे वाक्य मला फार आवडायचं. मी स्वतःच म्हणायचो. डॉक्टर काय करतो? चिठ्ठी खरडतो. तीही कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात. तार वाकवतो कोण? मी. स्क्रू बसवतो कोण? मी. आणि पेशंट पाया कोणाच्या पडतो? डॉक्टरच्या. आमच्याकडे ज्यांचं काम जास्त येतं त्या मॅडम, तेव्हा नुकत्या शिकून आलेल्या, माझी प्लेट तीन-तीनदा परत पाठवायच्या. "काका, ही तार अर्धा मिलिमीटर वर हवी." अर्धा मिलिमीटर! मी मनात म्हणायचो, पोरी, तू शाळेत होतीस तेव्हापासून मी तारा वाकवतोय. मनात कशाला, बायकोपाशी मोठ्यानंच म्हणायचो. रोज. जेवताना.

द्या तो डबा. बघू तर खरं, चावा कसा घेतलाय. दिव्याखाली धरतो. हं... हे समोरचे दोन, पटाशीचे, आणि मध्ये फट. आणि बाजूचे दोन बाहेर झुकलेत, पंख्यासारखे. हेच ना तुमचं दुखणं? ही फट? शाळेत चिडवतात? — हो, चिडवणारच. तोंडावर हात ठेवून बोलते? हात कुठला, डावा? नाही, काही नाही. असं करतात पोरी. डाव्या हातानंच करतात बहुतेक, उजव्यात पेन असतं.

ऐका. नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या तोंडात ही फट असतेच. असतेच म्हणजे, बहुतेकांच्या असते. वर हाडात सुळे बसलेले असतात, खाली उतरायची वाट बघत, ते ह्या बाजूच्या दातांच्या मुळांना रेटतात, म्हणून दात खालून असे फाकतात. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे खाली आले की आपोआप सगळं जवळ येतं, फट बुजते. काही करायचं नसतं! नुसतं थांबायचं. बहुतेक वेळा. आता "बहुतेक" कधी आणि "नाही" कधी, सुळा सरळ येतोय की आडवा झोपलाय, हे ह्या मातीत दिसतं का? प्लास्टरमध्ये दिसतं का? मी कितीही मोठा कारागीर असलो तरी मला दिसतं का? हाडाच्या आतलं आहे ते. ते एक्स-रेतच दिसतं. पण नाही — बापाला वाटतं, फट आहे ना, मग दोन स्प्रिंगा लावा, ढकला दोन्हीकडून, की मिटली. काय अवघड आहे? सायकलची चेन आवळण्यासारखं. बापाची अक्कल ही अशी.

आणि मिटतेही, बरं का! दोन महिन्यांत मिटते. हीच तर गंमत आहे. टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, स्वयंपाकघरातच, पोरीला म्हणायचं आ कर, नाकानं श्वास घे, संपलंच. माप पहिल्या फटक्यात येतं, एक बुडबुडा नाही — हात बसलेला असतो ना. मग रविवारभर बसून प्लेट करायची. गुलाबी, आत सोनेरी चमक, आणि टाळूच्या जागी एक फुलपाखरू पारदर्शक थराखाली, असलं काम कुठल्या डॉक्टरानं चिठ्ठीत लिहून मागितलं नसेल कधी. दोन बारीक स्प्रिंगा. आणि पोरगी काय गुणी! सांगितलं जेवताना काढायची, की जेवतानाच काढायची. कागदी रुमालात नाही, डबीत. दात घासताना प्लेटही घासायची. रात्री उठून मी बघायचो, तोंडात आहे का — असायची. इतका आज्ञाधारक पेशंट सत्तावीस वर्षांत ऐकला नाही मी. दोन महिन्यांत फट बंद. शाळेच्या फोटोत ही पुढच्या रांगेत, तोंड उघडं टाकून. आणि बाप गावभर सांगत सुटलेला, डॉक्टर-बिक्टर काही लागत नाही.

काय? हो, माझीच. मग कोणाची वाटली तुम्हाला? फडताळावर ते मॉडेल बघताय ना मघापासनं, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं, तेच ते. फिरवू नका. राहू दे तसंच.

मॅडम एकदा स्वतः आल्या इथे, एक माप तातडीचं होतं. हे मॉडेल टेबलावर. उचललं, फिरवलं, म्हणाल्या, "हे कोणाचं? माझ्याकडचं नाही." मी म्हटलं, नात्यातली एक मुलगी आहे. त्यांनी ह्या इथे बोट ठेवलं, सुळ्याच्या जागी, म्हणाल्या, "काका, सुळे कुठे आहेत? एक्स-रे कुठे आहे?" मी म्हटलं, डॉक्टरांकडे असेल. त्या म्हणाल्या, "प्लेट थांबवायला सांगा. आधी एक्स-रे." आणि मी हो-हो म्हणून त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं, आणि वर येऊन म्हटलं, आली मोठी शिकवणारी. प्लेट काढली नाही. आणखी पाच महिने ठेवली, रिटेनर म्हणून. वर फुलपाखराचा रंग उडाला होता तो नवा भरला.

आता तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगतो. जमिनीत काठी रोवलीय. वरचं टोक इकडे ढकललं की खालचं टोक तिकडे जातं, जातं ना? दाताचंही तसंच. खालून दात आत आणला, की वर हाडात मूळ बाहेर सरकलं. बाहेर कोण बसलंय? सुळा. तो यायच्या वाटेवर. मूळ त्याच्यावर नेऊन घातलं, आणि सुळ्यानं ते खाल्लं. एका बाजूचं वाचलं, दुसऱ्या बाजूचं खाल्लं. दुखत नाही हो! काहीच कळत नाही. पोरगी एक दिवस सफरचंद खात होती, म्हणाली, "बाबा, हा दात हलतोय." मी म्हटलं, दुधाचा असेल. दुधाचा! मी! रोज ज्याच्यावरून जगतोय त्याला तो दात पक्का आहे हे ठाऊक नाही? ठाऊक होतं. तोंडातनं तेच निघालं.

शेवटी मॅडमकडेच नेलं. त्यांनी एक्स-रे खिडकीशी धरला. मूळ उरलंच नव्हतं म्हणा, पेन्सिल झिजून बोटभर राहावी तेवढं. त्या मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडलो असतो. बाहेर पोरगी बाकावर बसलेली, पाय हलवत. मॅडम एवढंच म्हणाल्या, "तिला काय झालं ते तुम्ही सांगा. मी सांगणार नाही, तुमचं तुम्ही सांगा." मी म्हटलं, सांगतो. बाहेर गेलो आणि सांगितलं. तुझा तो दात जन्मतःच कच्चा होता, असं सांगितलं. बायको शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि पोरीची वेणी सारखी केली. तेव्हापासून डॉक्टरांविषयी मी घरात एक अक्षर काढलेलं नाही, आणि तीही त्याविषयी एक अक्षर बोललेली नाही. सतरा वर्षं.

मग काय. दात काढला. प्लेटीवर खोटा दात बसवून दिला मी. वाढतं वय, जबडा वाढतो, दर वर्षी नवी प्लेट, नवा दात. ह्याच खोलीत. तुम्ही बसलात तिथेच बसायची ती, मला म्हणायची, "बाबा, ह्या वर्षी थोडा पिवळट करा, बाकीचे तसे आहेत." तिच्या दाताचा रंग मला कुठल्याही पट्टीशिवाय जमतो, अजून. वर्गात जिभेनं प्लेट खाली पाडून मैत्रिणींना घाबरवायची. "माझ्या बाबांनी बनवलाय," म्हणायची. बाविसाव्या वर्षी हाडात पक्का दात बसवून घेतला, दुसऱ्या कोणाकडून. स्वतःच्या पहिल्या पगारातनं. त्या दिवशी पेढे घेऊन आली, म्हणाली, "आता तुम्ही सुटलात बाबा."

ती हसते का हो ऑफिसात? मघाशी विचारलं ते त्याचसाठी. हसते? मोठ्यानं? तोंडावर हात न ठेवता? ... दाखवते? तो दात दाखवते सगळ्यांना — काय म्हणून? "जन्मतःच कच्चा होता, बाबांनी दहा वर्षं सांभाळलं"... असं म्हणते. सगळ्यांना. बरं. बरं, बरं. घरी आली की हसत असेल, मला माहीत नाही. मी तिच्या कपाळाकडे बघून बोलतो.

आणि तुम्ही तिच्या शेजारच्याच टेबलावर बसता, नाही का. मघाशी म्हणालात तसं. शेजारच्याच. म्हणजे उद्या सकाळी ती खुर्ची वळवून पहिलं हेच विचारणार — झालं का काम, दिली का बाबांनी प्लेट.

काय अक्कल आहे माझी. सतरा वर्षं दातखिळी बसलेली, आणि सुटली ती कोणासमोर? शाळेच्या डब्यात माती घेऊन आलेल्या माणसासमोर.

नाही, तुम्ही काही बोलू नका. "कोणाला सांगणार नाही" वगैरे तर मुळीच नको, मी तुमच्याकडे ते मागितलेलं नाही. उठा. हा डबा धरा. माती फेकून द्या, पोरीच्या हाती पुन्हा देऊ नका, केस आहे त्यात. ही चिठ्ठी — थांबा, लिहितो — हा मॅडमचा पत्ता. रांग असते. तीन तास बसावं लागलं तर बसा. एक्स-रे म्हणाल्या की एक्स-रे, थांबा म्हणाल्या की थांबा, आणि मुलीला आजच सांगा की फट म्हणजे काही रोग नाही, बापाला घाई झाली होती. तुमच्या त्या चार दातांचंही विचारा, पेन्सिल न वापरता.

आणि ती विचारेल तेव्हा सांगा, बाबांनी नाही म्हटलं. प्लेट बनवणार नाही म्हणाले. का म्हणून विचारेलच, ती सोडणारी नाही, माझ्यावर गेलीय. का म्हणून विचारलं तर म्हणावं... म्हणावं, ते बाबांनाच विचार. एवढंच. त्याच्यापुढे एक शब्द नाही. उद्याच विचारायला आली तरी मी रात्री आठपर्यंत इथेच असेन, म्हणावं.

चला. दार ओढून घ्या, प्लास्टरची धूळ जिन्यात जाते, खालचे ओरडतात. मी मोटर चालू करतोय. आता काही बोललात तरी मला ऐकू येणार नाही.